पाय गमावलेला सैनिक अर्ज करतो तेव्हा: सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधलं जायबंदी सैनिकांचं पेन्शन

१६४५ साली इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात टाँटन शहराला राजाच्या फौजेचा वेढा पडला होता. तटावर हल्ला करताना एका सैनिकाच्या तोंडावर तोफेच्या छर्‍यांचा मारा बसला आणि तो कोसळला. माघार घेताना साथीदारांनी त्याला मृतांबरोबर उचललं आणि वाटेतल्या एका रिकाम्या घरात टाकून दिलं. दुसर्‍या दिवशी पहाटे त्याच्या पलटणीचा कर्नल त्या घरावरून चालला होता. आतून कोणीतरी दार ठोठावत होतं. अधिकार्‍यांनी आत पाहिलं, तर तोच सैनिक दाराशी उभा होता. त्याचे डोळे, नाक, तोंड, हनुवटी सगळं उडून गेलं होतं. रिचर्ड वाइजमन या फौजेच्या शस्त्रवैद्याने त्याच्यावर उपचार केले आणि पुढे ही हकिगत लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला माहीत आहे.

लढाईचा इतिहास वाचताना आपण मेलेल्यांचे आकडे वाचतो आणि पुढे जातो. जे मेले नाहीत त्यांचं काय झालं? त्या काळच्या इंग्लिश मस्केटच्या, म्हणजे लांब नळीच्या बंदुकीच्या, १२ गोळ्यांचं वजन १ पौंड भरायचं, म्हणजे एक गोळी जवळजवळ ३८ ग्रॅमची. मऊ शिशाची ही गोळी हाडावर आपटली की हाडाचा चुरा व्हायचा. वेळेत हातपाय कापला तर माणूस वाचण्याची शक्यता होती. वाचलेला माणूस गावी परतला की नांगर धरू शकत नव्हता, हातमागावर बसू शकत नव्हता. त्याला कोणी पोसायचं, हा प्रश्न इंग्लंडने कायद्याने सोडवायचा प्रयत्न केला. त्यासाठी हजारो अपंग सैनिकांनी आणि विधवांनी केलेले अर्ज आजही तिथल्या दफ्तरखान्यांत आहेत. ही व्यवस्था नेमकी कशी चालायची, ते या लेखात पाहू.

सुरुवात थोडी आधीपासून करावी लागेल. १५८८ मध्ये स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलं आणि हरलं. विजयाचा जल्लोष चालू असताना इंग्लिश जहाजांवरचे खलाशी मात्र बंदरांत तापाने आणि उपासमारीने मरत होते. आरमारप्रमुख लॉर्ड हॉवर्डने तेव्हा दरबाराला लिहिलं, की इतक्या शौर्याने लढलेली माणसं इतकी हालअपेष्टेत मरताना पाहून कोणाचंही काळीज तुटेल. पुढच्याच वर्षी पोर्तुगालच्या मोहिमेतून फसून परतलेले सैनिक पगार न मिळाल्याने लंडनभोवती जमू लागले. त्यांच्याकडे शस्त्रं होती आणि पोटात भूक. सरकारने लष्करी कायदा लावला आणि काहींना फासावर चढवलं. ज्यांना लढायला सक्तीने भरती करून नेलं होतं, त्यांनाच हे बक्षीस मिळालं.

त्यानंतर चार वर्षांनी, १५९३ मध्ये, राणी एलिझाबेथच्या पार्लमेंटने जखमी सैनिक आणि खलाशांच्या मदतीचा कायदा केला. १५९७ आणि १६०१ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. राणीच्या आणि राज्याच्या सेवेत ज्यांनी जीव धोक्यात घातला, अवयव गमावले, त्यांना परतल्यावर मदत आणि मोबदला मिळावा, म्हणजे त्यांना आपल्या कामाचं फळ मिळेल आणि इतरांनाही तसंच लढायची उमेद येईल, असं त्याच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे. माझ्या मते त्या कायद्यातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. सरकारने इथे मान्य केलं, की सैनिकाला दिलेला पैसा ही भीक नव्हे, त्याने केलेल्या कामाची ती परतफेड आहे. पुढच्या पिढ्यांच्या सैनिकांनी हीच बाजू आपल्या अर्जांत धरून ठेवली.

पैसा यायचा कुठून? राणीच्या खजिन्यातून एक पेनीही नाही. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाने, दर आठवड्याला ठरावीक पट्टी भरायची. १६०१ च्या कायद्याप्रमाणे ही पट्टी आठवड्याला २ ते १० पेनी होती. सगळ्या गावांची पट्टी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, खजिनदाराकडे जमा व्हायची. कोणाला किती द्यायचं ते ‘जस्टिस ऑफ द पीस’ ठरवायचे. हे म्हणजे त्या भागातले जमीनदार, बिनपगारी न्यायाधीश. वर्षातून चार वेळा त्यांचं न्यायसत्र भरायचं, त्याला क्वार्टर सेशन्स म्हणत. चोरीमारीचे खटले, रस्त्यांच्या तक्रारी, दारूगुत्त्यांचे परवाने या सगळ्याबरोबर जायबंदी सैनिकांचे अर्जही तिथेच सुनावणीला यायचे.

सैनिकाने कोणत्या काउंटीत अर्ज करायचा याचाही नियम होता. जिथून त्याला सक्तीने भरती केलं तिथे. तसं नसेल, तर जिथे जन्मला किंवा शेवटची तीन वर्षं राहिला तिथे. दूरच्या बंदरात उतरलेल्या जखमीला घरापर्यंत पोहोचायला वाटेतल्या काउंटींच्या खजिनदारांनी प्रवासापुरता पैसा द्यायचा. कमाल रक्कमही कायद्यात होती: साध्या शिपायाला वर्षाला १० पौंड, खालच्या अधिकार्‍याला १५ आणि लेफ्टनंटला २०. प्रत्यक्षात १० पौंड फार क्वचित कोणाच्या हाती पडले.

कायद्याची दुसरी बाजू कडक होती. पेन्शन घेणारा सैनिक भीक मागताना सापडला तर पेन्शन बंद आणि वर भटक्या-उनाडांची शिक्षा. १५९७ मध्ये आणखी एक कायदा झाला. सैनिक किंवा खलाशी असल्याची बतावणी करत, खोटे दाखले घेऊन फिरणार्‍याला त्यात थेट मृत्युदंड ठेवला. खोटे दाखले बनवून विकणारे लोक होते, हे खरं. पण त्यामुळे खर्‍या जखमीवरही पहिल्यापासून संशय. तुटलेला हात दिसत असला तरी तो लढाईतच तुटला, आणि आपल्या बाजूने लढतानाच तुटला, हे त्याला कागदावर सिद्ध करावं लागे.

खलाशांचं प्रकरण वेगळं होतं. आरमाराच्या लढाईनंतर चॅटमच्या गोदीत त्यांच्यासाठी एक निधी उभा राहिला, ‘चॅटम चेस्ट’. प्रत्येक खलाशाच्या पगारातून महिन्याला ६ पेनी कापून ते एका लोखंडी पेटीत ठेवायचे. एकट्याला पेटी उघडता येऊ नये म्हणून तिला अनेक कुलपं होती आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. तरीही पैशांत गैरकारभार झालाच. नौदलात अधिकारी असलेल्या सॅम्युएल पेप्सने १६६० च्या दशकात आपल्या रोजनिशीत त्याबद्दल लिहिलं आहे. पण या निधीकडे एक गोष्ट होती जी जमिनीवरच्या सैनिकांकडे नव्हती: ठरलेला दर. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक पाय किंवा एक हात गेला तर वर्षाला ६ पौंड १३ शिलिंग ४ पेनी. दोन्ही पाय गेले तर दुप्पट. डोळ्याला ४ पौंड. दोन्ही हात गेले तर मात्र १५ पौंड, म्हणजे दोन पायांपेक्षाही जास्त, कारण हात नसलेल्या माणसाला पोटासाठी दुसरं काहीच करता येत नाही.

अवयवांचा असा भाव वाचताना अंगावर काटा येतो. पण खलाशाला निदान कळत होतं की आपल्याला काय मिळणार. सैनिकाचा सगळा हिशेब मात्र समोर बसलेल्या न्यायाधीशांच्या मर्जीवर. एकाच लढाईत सारखीच जखम झालेल्या दोघांना दोन काउंटींत वेगवेगळी रक्कम मिळायची, आणि एखाद्याला काहीच नाही.

१६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं आणि ही जुनी व्यवस्था अक्षरशः कोलमडायला आली. एका इतिहासकाराच्या अंदाजाप्रमाणे फक्त इंग्लंडमध्ये सुमारे ८५ हजार माणसं लढायांत आणि आणखी सुमारे १ लाख रोगराईने मेली. देशाची लोकसंख्याच ५० लाखांच्या आसपास होती. जखमींची तर मोजदादही अवघड. आधीची युद्धं समुद्रापलीकडे व्हायची. आता जखमी माणूस शेजारच्या गावच्या गोठ्यात पडलेला असायचा.

एजहिलची पहिली मोठी लढाई झाली ऑक्टोबर १६४२ मध्ये. त्याच महिन्यात पार्लमेंटने जाहीर केलं, की आपल्या बाजूने लढताना जायबंदी झालेल्यांची आणि मेलेल्यांच्या बायका-मुलांची सोय केली जाईल. एलिझाबेथच्या कायद्यात विधवांचं नावही नव्हतं. सैनिक मेला की त्याच्या घरच्यांना गावच्या गरीबनिधीकडे हात पसरावा लागे. आता सरकारने पहिल्यांदाच त्यांची जबाबदारी घेतली. सरकारने हे दयेपोटी केलं असं मानायचं कारण नाही. शत्रू शेजारच्या काउंटीतच असताना माणसं भरती करायची, तर मागे राहणार्‍यांची काळजी घेऊ हे सांगणं भाग होतं. लंडनमध्ये सव्हॉय आणि नंतर ईली हाऊस इथे सैनिकी रुग्णालयं उघडली, आणि तिथे परिचारिका म्हणून सैनिकांच्या विधवांनाही काम मिळालं.

रुग्णालयाबाहेरचा भार बायकांनीच उचलला. वॉरविकशायरमधल्या हेस्टर व्हाइट या बाईंनी एजहिलनंतर जखमी पार्लमेंटवाल्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं. तीन महिने ते तिथे होते. त्यांच्या उशाशी आपण रात्रंदिवस बसलो, त्यांच्या गरजांसाठी पदरचे पैसे घातले, असं त्यांनी नंतर भरपाई मागताना लिहून दिलं. एलिझाबेथ आल्किन नावाच्या दुसर्‍या बाईंनी १६५३ मध्ये डचांशी झालेल्या युद्धातल्या जखमींची हार्विचमध्ये शुश्रूषा केली आणि त्यांनाही पैशांसाठी सरकारकडे वारंवार अर्ज करावे लागले. शुश्रूषेचं काम तेव्हाही गृहीत धरलं जायचं.

आता अर्जाकडे वळू. बहुतेक सैनिकांना लिहिता येत नव्हतं. त्यामुळे ते लेखनिकाकडे जायचे. वकिलाचा कारकून, शाळामास्तर, कधी पाद्री. अर्ज तृतीयपुरुषात लिहिलेला असायचा: अमुक गावच्या अमुक जायबंदी सैनिकाचा नम्र अर्ज, तो सविनय निवेदन करतो की. मग सेवेची माहिती यायची: कोणत्या कप्तानाच्या हाताखाली, किती वर्षं, कोणकोणत्या लढायांत. त्यानंतर जखमा. इथे अर्ज अगदी बारकाव्याने बोलतात. गोळी कुठून शिरली, अजून आत आहे का, हाडाचे किती तुकडे बाहेर आले, तलवारीचे वार डोक्यावर किती. त्यापुढे घरची परिस्थिती: बायको, लहान मुलं, वाढतं वय, कर्ज. शेवटी मागणी, आणि ती मंजूर झाली तर अर्जदार आपल्यासाठी सदैव प्रार्थना करेल हे ठरलेलं वाक्य.

या साच्यात एक दुवा कधीच सुटत नाही. जखमेच्या वर्णनाला लागूनच यायचं, की त्यामुळे आपल्याला आता नेहमीचं काम करता येत नाही. नुसत्या वेदनेला पेन्शन नव्हतं. हात आखडला आहे म्हणून विणकाम होत नाही, पाय आखूड झाला म्हणून मजुरी जमत नाही, असं दाखवावं लागे. अपंगत्वाचा अर्थ तिथे ‘कमावू न शकणं’ एवढाच होता. म्हणूनच कित्येक अर्ज जखम झाल्यावर वीस-तीस वर्षांनी आले. तरुणपणी माणूस कसंबसं रेटत राही. वय झालं, थंडीत जुनी जखम पुन्हा वाहू लागली, अंगातली गोळी सरकली की मग तो कोर्टाची पायरी चढे. हे उशिरा आलेले अर्ज मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात. इतकी वर्षं त्याने ते अंगावर काढलेलं असतं.

अर्जासोबत दाखला लागायचा. आपल्या अधिकार्‍याचा असला तर उत्तम. पण अधिकारी मेलेला असायचा, परदेशी पळालेला असायचा, किंवा दोन काउंटी पलीकडे राहायचा. मग जुने साथीदार आणि शेजारी साक्ष द्यायचे. अर्जाखाली सह्यांची रांग दिसते. ज्यांना सही येत नाही त्यांच्या फुल्या आणि खुणा. कधी शस्त्रवैद्याचा दाखला, कधी न्यायाधीशांसमोर अंगरखा काढून दाखवलेले व्रण. त्यासाठी अपंग माणसाने आधी काउंटीच्या गावापर्यंत पोहोचायचं, आणि त्या दिवशी निर्णय झाला नाही तर तीन महिन्यांनी पुन्हा यायचं.

विधवांना पुरावा आणखी अवघड. साध्या शिपायाला रणांगणावरच्या सामूहिक खड्ड्यात पुरलेलं असायचं. नवरा मेला, पकडला गेला की पळून गेला, हे बाईला कसं कळावं? कोणीतरी साथीदार परत येऊन सांगेल तीच बातमी, आणि तोच साक्षीदार.

एवढं करून हातात काय पडायचं? बर्‍याच ठिकाणी वर्षाला २ पौंडांच्या आसपास. तेव्हा १ पौंड म्हणजे २० शिलिंग आणि १ शिलिंग म्हणजे १२ पेनी. म्हणजे २ पौंडांचे ४८० पेनी झाले. त्या काळी मजुराला दिवसाला साधारण ८ ते १२ पेनी मिळत. म्हणजे वर्षभराचं पेन्शन ४० ते ६० दिवसांच्या मजुरीइतकं. त्यावर घर चालणं शक्यच नव्हतं. शिवाय निधी ठरलेला आणि मागणारे अमाप. जुना पेन्शनदार मेला की त्याच्या जागी नवा नेमायचा, अशी वाट पाहणार्‍यांची रांग अनेक काउंटींत होती. कोणाला एकरकमी काही शिलिंग देऊन वाटेला लावायचे, तर कधी पैसा कमी पडला म्हणून सगळ्यांच्याच पेन्शनला कात्री.

आणि मग १६६० साल आलं. राजाचा शिरच्छेद करून स्थापन झालेलं प्रजासत्ताक संपलं, दुसरा चार्ल्स गादीवर बसला. सव्हॉय आणि ईली हाऊसची रुग्णालयं बंद झाली. काल-परवापर्यंत देशाचे रक्षक म्हणून पेन्शन घेणारे पार्लमेंटचे जखमी सैनिक आता बंडखोर ठरले आणि यादीतून वगळले गेले. १६६२ च्या नव्या कायद्याने मदत फक्त राजाशी, आणि त्याच्या मारल्या गेलेल्या वडिलांशी, इमान राखून लढलेल्यांसाठी ठेवली. मधल्या वीस वर्षांत ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, ते राजनिष्ठ जखमी आता पुढे आले. गरीब राजनिष्ठ अधिकार्‍यांसाठी वेगळे ६० हजार पौंड मंजूर झाले आणि त्यावर हक्क सांगणार्‍यांची छापील यादी पाच हजार नावांच्या वर गेली.

या वळणावर अर्जांची भाषाही बदलते. आधी पार्लमेंटची सेवा म्हणून अभिमानाने लिहिलं जायचं. आता तेच बंड, आणि राजा हुतात्मा. ज्यांनी युद्धात बाजू बदलली होती, आणि असे पुष्कळ होते, त्यांनी सोयीचा भाग तेवढा सांगितला. मी त्यांना खोटारडे म्हणणार नाही. ज्याला भाकरीसाठी आपलं आयुष्य न्यायाधीशाला आवडेल अशा क्रमाने मांडावं लागतं, त्याचा दोष कमी आणि मांडायला लावणार्‍याचा जास्त. पार्लमेंटच्या बाजूने लढून पाय गमावलेला माणूस १६६० नंतरही तितकाच लंगडत होता.

त्याच सुमाराची आपल्याकडची एक नोंद इथे आठवते. सभासदाच्या बखरीत अफजलखानाच्या वधानंतरचा, म्हणजे १६५९ चा प्रसंग आहे. शिवाजी महाराजांनी पडलेल्यांच्या मुलांचं चालवलं, ज्यांना मुलगा नाही त्यांच्या बायकांना निम्मं वेतन लावून दिलं, आणि जखमींना जखम पाहून २०० पासून २५ होनांपर्यंत रक्कम दिली, असं त्यात आहे. पुढे पेशवाईच्या दफ्तरात मृत सैनिकांच्या मुलांसाठी बालपरवेशीच्या नोंदी सापडतात. जखम पाहून रक्कम ठरवणं आणि विधवेला वाटा देणं या दोन्ही गोष्टी म्हणजे आपल्याकडेही या प्रश्नाचा विचार झाला होता. मात्र बखर राजाच्या बाजूने बोलते. त्या पंचवीस होनांत त्या शिलेदाराचं पुढे कसं भागलं, हे त्याच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. इंग्लंडच्या अर्जांचं मोल मला त्यामुळेच जास्त वाटतं. लेखनिकाच्या साच्यातून का होईना, तिथे जखमी माणूस स्वतः बोलतो.

१६६२ चा कायदा १६७९ मध्ये संपला, तरी काही काउंटी आपल्या म्हातार्‍या सैनिकांना पैसे देत राहिल्या, अगदी अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. तोवर राज्याची पद्धत बदलली होती. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६७० मध्ये जायबंदी सैनिकांसाठी पॅरिसमध्ये ‘इनव्हालिद’ हा आश्रम उभारायचा हुकूम काढला. तो नमुना समोर ठेवून डब्लिनला किलमेनम आणि लंडनला चेल्सी इथे सैनिकांचे आश्रम बांधले गेले. चेल्सी १६९२ मध्ये उघडलं. आता कायमचं सैन्य होतं, पगार केंद्रातून यायचा आणि पेन्शनही. गावच्या जमीनदारापुढे हात जोडायची गरज उरली नाही, पण हा पैसाही बर्‍याच अंशी सैनिकांच्याच पगारातून कापलेला होता.

ही परंपरा पुढे भारतातही आली. १७७० मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने मीर जाफरकडून मृत्युपत्राने मिळालेले ५ लाख रुपये ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले आणि त्यातून कंपनीच्या अपंग गोर्‍या सैनिकांसाठी आणि विधवांसाठी ‘लॉर्ड क्लाइव्ह फंड’ सुरू झाला. बंगालच्या नवाबाच्या पैशातून गोर्‍या शिपायाचं पेन्शन निघालं. त्याच्या शेजारी लढलेल्या हिंदी शिपायाला त्या फंडात जागा नव्हती. तिथेही अर्ज करणार्‍या अधिकार्‍याला आपली मालमत्ता ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे अशी शपथ घ्यावी लागे.

यादवी युद्धातले हे अर्ज आता ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी मिळून इंटरनेटवर खुले केले आहेत, मूळ कागदाच्या छायाचित्रांसह आणि वाचता येईल अशा छापील मजकुरासह. काउंटीप्रमाणे शोधता येतात. कोणी वाचायला घेतले तर एक सुचवतो. अर्जाच्या मुख्य मजकुरानंतर थांबू नका. तळाशी किंवा कागदाच्या मागे न्यायाधीशांच्या कारकुनाने वेगळ्या अक्षरात एखादी ओळ खरडलेली असते. मंजूर झालेली रक्कम, नकार किंवा पुढच्या सत्रावर ढकललेला निर्णय तिथे सापडतो.